बर्फातील पहिली वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत देहरादून येथे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्या मालिकेत बी. ए. झालेल्या एका सरकारी नोकराला थंडीत डोंगर चढण्यावर बोलण्यासाठी उभे करावे, याचे कारण आपणांस ठाऊकच आहे. नाताळच्या सुटीत मंडळातील अकरा मुलेमुली सांकरीस जाऊन केदारकंठा चढण्याच्या तयारीत आहेत. त्यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, ज्या दिवसांत पहाडी माणूसही चुलीपासून हलत नाही त्या दिवसांत आपल्या मुलांनी बर्फात तंबू ठोकण्याचे कारण काय? दुसरा तट तरुणांचा. त्यांचे म्हणणे, “काका, आम्ही हरिश्चंद्रगड केला आहे, भर पावसात राजमाची केला आहे, आम्हाला डोंगर नवा नाही.” मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला दोन्ही थोड्याथोड्या बरोबर वाटल्या. म्हणून हे बोलणे.

आरंभीच सांगतो, मी गिर्यारोहक नव्हे. दोराला लोंबकळण्याचा मला अनुभव नाही. नोकरीच्या निमित्ताने उत्तरकाशी आणि चमोली या जिल्ह्यांत मला काही हिवाळे काढावे लागले आणि पुढे आपण होऊन, हौसेने, आणखी काही काढले. जे सांगणार आहे ते चालणाऱ्याच्या उपयोगाचे आहे, शिखरे जिंकणाऱ्याच्या नव्हे. ज्यांना ती विद्या हवी असेल त्यांच्यासाठी उत्तरकाशीला १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. तिथे रीतसर शिक्षण घ्यावे.

प्रथम उंचीचा हिशेब. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. सांकरी हे गाव, जिथे आपली मुले पहिल्या रात्री नुसती मोटारीतून उतरून निजणार आहेत, ते कळसूबाईच्याही वर, सुमारे १९५० मीटरवर वसले आहे. म्हणजे आपला डोंगर जिथे संपतो त्याच्या वर यांची वाट सुरू होते. केदारकंठ्याचा माथा सुमारे ३८०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते, हा ढोबळ नियम धरला, तर देहरादूनला दुपारी अठरा अंश असताना त्या माथ्यावर शून्याच्या खाली दोन-तीन अंश असणार, आणि तेही वारा धरलेला नाही. पहाटेचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

परंतु माझ्या तरुण मित्रांनो, तुम्हाला अडचणीत आणणार आहे ती ही थंडी नव्हे. थंडी दिसते, बोचते, माणूस तिच्याशी सावध असतो. तुम्हाला अडचणीत आणील तो तुमचा स्वतःचा घाम.

हे ऐकून काहींना हसू आलेले दिसते. पण पाहा. आपण सह्याद्रीत चालतो ते भिजायचेच हे गृहीत धरून. उन्हाळ्यात घामाने, पावसाळ्यात पावसाने. भिजलेला सदरा अंगावर वाळला की झाले. बर्फात तो अंगावर वाळत नाही. कोरडी हवा अंगातली ऊब फार सावकाश नेते, पाणी तीच ऊब तिच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेते. देवदारांतून चढताना मनुष्य तासाभरात घामेजतो, त्याला गरम वाटते, तो खूष असतो. मग दम खायला दहा मिनिटे थांबतो, वाऱ्याची एक झुळूक येते, आणि आतला ओला बनियन पाठीला पत्र्यासारखा चिकटतो. त्या दहा मिनिटांत जी ऊब जाते ती दिवसभर परत येत नाही.

म्हणून चढ लागण्यापूर्वी अंगातला स्वेटर काढायचा. काढल्यावर हुडहुडी भरावी अशी इच्छा नाही, परंतु पहिली पाच-दहा मिनिटे जरा गार वाटलेच पाहिजे. निघतानाच जो ऊबदार आहे तो अर्ध्या तासात ओला होणार. थांबलो की, घाम सुकण्याची वाट न पाहता, तत्क्षणी तो स्वेटर पुन्हा चढवायचा. काढणे आणि घालणे याचा कंटाळा करू नये. आणि चाल अशी ठेवायची की शेजाऱ्याशी सलग बोलता आले पाहिजे. धाप लागली म्हणजे वेग जास्त झाला. जो सर्वांच्या पुढे धावतो त्याचे आपल्याकडे कौतुक होते, इथे त्याला मागे बोलावावे.

या ठिकाणी मला मातांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. आपण मुलाला निरोप देताना काय सांगतो? “काही झाले तरी स्वेटर काढू नकोस.” कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, वर जाड कोट, अशा बंदोबस्तात त्याला घराबाहेर काढतो. मायेचा तो बंदोबस्त इथे देहरादूनला ठीक आहे. चढावर मात्र तोच त्याला भिजवील. तेव्हा या खेपेस कृपा करून असे सांगा, “गरम वाटताक्षणी काढ, आणि बसताक्षणी घाल.” आपल्या तोंडून ऐकले म्हणजे त्यांच्या लक्षात राहील, माझ्या तोंडून ऐकलेले ते जिना उतरेपर्यंत विसरतील.

कपड्यांची जात हा पुढचा मुद्दा. सुती वस्त्र हे आपल्या देशाचे भूषण आहे, खादीविषयी माझ्या मनात आदर आहे, परंतु बर्फात सूत नको. सुती बनियन, सुती पायमोजे आणि विशेषतः जीन्स पाणी शोषून धरतात आणि वाळत नाहीत. अंगालगत लोकरीचे किंवा त्या कामासाठीच मिळणारे कृत्रिम धाग्याचे आतले कपडे, त्यावर ऊब धरणारा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांवर वारा व हिम अडवणारे पातळ जाकीट. एका जाड कोटापेक्षा हे तीन पदर बरे, कारण कोट एकतर असतो किंवा नसतो. पदर हवे तसे कमी-अधिक करता येतात. मुक्कामावर स्वस्थ बसताना घालायला पिसांचे जाकीट वेगळे, आणि ते चालताना कधीही अंगात नको. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब राखते. सांकरीच्या वरच्या गावांतली म्हातारी माणसे आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीची जाडीभरडी वस्त्रे घालतात. त्यांना ही गोष्ट कुणी पुस्तकातून शिकवलेली नाही. आपल्याकडे आज्यांनी विणलेले जे जुने स्वेटर पेटीत पडून आहेत ते बाहेर काढा. बाजारातल्या पुष्कळ महागड्या वस्तूंपेक्षा ते सरस ठरतील.

पायांविषयी थोडक्यात. बूट घोट्याच्या वर येणारे, पाणी न धरणारे आणि बोटे हलतील इतके सैल असावेत. पुष्कळांची समजूत अशी की दोन जोड मोजे म्हणजे दुप्पट ऊब. बूट तंग झाला तर रक्ताचा पुरवठा कमी होऊन पाय उलट गार पडतात. बुटांत बर्फ शिरू नये म्हणून नडगीला बांधायचे गेटर्स आणि घट्ट बर्फावर पाय सरकू नये म्हणून बुटाला चढवायच्या काटेरी साखळ्या सांकरीस भाड्याने मिळतात. घेऊन ठेवाव्यात. आणि काळा चष्मा विसरू नये. ताजे बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत उलटे फेकते. चष्म्यावाचून दिवसभर चालणाऱ्याचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपू लागतात, आणि ढगाळ दिवशीही हे घडते.

आता रात्रीकडे वळतो. मला असे आढळले आहे की दिवसाची तयारी सर्वजण करतात, रात्रीची कुणी करीत नाही. आणि नवख्या माणसाची खरी परीक्षा संध्याकाळी पाचनंतर होते. डिसेंबरात दिवस जेमतेम दहा तासांचा. दरीत सूर्य त्याहूनही लवकर जातो, आणि तो गेल्याबरोबर जणू कुणी दार उघडावे तशी थंडी येते. त्यापूर्वी तंबू उभा पाहिजे, ओले कपडे उतरलेले पाहिजेत आणि कोरडे चढलेले पाहिजेत. निजतानाचे मोजे आणि आतले कपडे यांची एक जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी आणि काही झाले तरी ती चालण्यासाठी वापरू नये. सकाळी पुन्हा ते दमट मोजे चढवणे जिवावर येते, हे मान्य. तरीही चढवावेत.

तंबूत माणूस वरून गारठत नाही, खालून गारठतो. स्लीपिंग बॅग कितीही उत्तम असली तरी आपल्या वजनाखाली तिचे पीस दबते आणि दबलेल्या पिसात हवा राहत नाही. ऊब धरते ती हवाच. म्हणून पैसे थोडे असतील तर ते अंगाखालच्या मॅटवर खर्च करावेत. एकावर एक दोन मॅट घालाव्यात, आणि रिकामी पाठपिशवी पायांखाली सरकवावी. निजण्यापूर्वी बाटलीत कढत पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, ती मोज्यात घालून पायांशी घ्यावी. रात्रभर ऊब आणि सकाळी न गोठलेले पिण्याचे पाणी, असे दोन लाभ होतात. दुसऱ्या दिवशी लागणारे हातमोजे, मोबाइल आणि बॅटरीचे सेल हेही आत घेऊन निजावे. गारठ्यात सेल निम्म्या वेळात दम टाकतात. डोक्यावर टोपी असावी, पण नाक-तोंड पिशवीत खुपसू नये, कारण श्वासाची वाफ आत साचून सकाळपर्यंत पिशवी दमट होते. आणखी एक गोष्ट भगिनीवर्गासमोर बोलण्यास संकोच वाटतो, पण सांगतो. लघवीला जावेसे वाटले तर जावे. थंडीच्या भयाने पहाटेपर्यंत दाबून पडून राहणाऱ्याला ना झोप लागते ना ऊब येते. याच भयाने कित्येक मुली दुपारपासून पाणी पिणेच सोडतात. ते तर सर्वांत वाईट, कारण कोरडे पडलेले शरीर लवकर गारठते आणि उंचीचा त्रासही वाढल्यासारखा होतो. मुलींचा तंबू वेगळा आणि आडोसा जवळ असेल, अशी व्यवस्था आपण आधीच ठरवली आहे.

आता एक गोष्ट मी आज्ञा म्हणून सांगतो, विनंती म्हणून नव्हे. तंबूत, किंवा दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत, कोळशाची अंगीठी पेटलेली असताना कुणी झोपायचे नाही. शेगडीही तंबूच्या आत पेटवायची नाही. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला जाग येत नाही. उत्तर भारतात असा हिवाळा जात नाही की ज्यात अशा बातम्या वर्तमानपत्रांत येत नाहीत. त्यांत गाद्या-रजयांनी भरलेल्या पक्क्या घरांतली कुटुंबेही असतात. हे केवळ सांकरीला जाणाऱ्यांसाठी नाही. आज या सभागृहातून घरी जाऊन अंगीठी ओढून घेणाऱ्यांसाठीही आहे.

खाण्यापिण्याच्या बाबतीत आपण महाराष्ट्रीय माणसे सुदैवी आहोत. थंडीत शरीर भट्टीसारखे जळण मागते, आणि सावकाश जळणारे जळण म्हणजे तूप-तेल. डिंकाचा लाडू, तिळाचा लाडू, सुके खोबरे, खजूर, शेंगदाणे, हे आपल्या घरांत संक्रांतीच्या सुमारास असतेच. निजण्यापूर्वी एक लाडू खाल्ला तर रात्री दोन वाजता होणारी थरथर कमी होते. चिक्की मात्र नेऊ नका. ती तिथे दगड होते, आणि दाताचा डॉक्टर सांकरीस नाही. गढवालात नाचणी पिकते, तिला तिथे मंडुआ म्हणतात. भाकरी मिळाली तर अवश्य खावी. परक्या मुलखात आपल्या ओळखीची चव मिळाल्याने चढ सोपा होतो असे नाही, पण मुलगा पोटभर जेवतो.

पाण्याची एक युक्ती सांगतो. बाटली पिशवीत उलटी ठेवावी. बर्फ वरून धरू लागते, म्हणजे ते बुडाशी धरेल आणि तोंड मोकळे राहील. तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नये. एक ग्रॅम बर्फ नुसते वितळायलाच ऐंशी कॅलरी उष्णता लागते, आणि ती तुमच्या अंगातून जाते. बर्फ वितळवायचेच असेल तर भांड्यात आधी थोडे पाणी घालावे, मग थोडेथोडे बर्फ टाकावे; कोरड्या भांड्यात बर्फ कोंबले तर भांडे करपते आणि पाण्याला जळका वास येतो. लिटरभर पाण्याला किती भांडी बर्फ लागते आणि किती इंधन जाते, हे एकदा पाहिल्यावर झऱ्याजवळ मुक्काम का करतात ते कळते.

आता ज्या विषयासाठी मी मुख्यतः उभा राहिलो त्याकडे येतो. जून २०२४ मध्ये आपल्याच उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सहस्रताल येथे बावीस जणांची एक तुकडी खराब हवामानात सापडली. त्यांतले बहुतेक कर्नाटकातून आलेले. नऊ जण दगावले. जून महिना, मित्रहो, डिसेंबर नव्हे. उंचीवर ओल, वारा आणि थकवा एकत्र आले की पंचांग विचारात घेतले जात नाही.

शरीराच्या आतले तापमान पस्तीस अंशांखाली उतरले की त्याला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. तिथे थर्मामीटर कुणी लावीत नाही; ओळखायचे ते वागण्यावरून. बडबड्या मुलगा गप्प होतो. शांत मुलगी चिडचिड करू लागते. बुटाची नाडी बांधता येत नाही, जिभेला जडपणा येतो, सपाट वाटेवर ठेच लागते. आणि विचारले तर सर्वजण एकच उत्तर देतात, “मी ठीक आहे.” या उत्तरावर विश्वास ठेवू नये. त्याला तत्काळ वाऱ्याआड न्यावे, ओले काढून कोरडे घालावे, पिशवीत गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर कढत गोड चहा द्यावा. थरथर चालू आहे तोवर शरीर लढते आहे असे समजावे. थरथर थांबली आणि माणूस सुस्तावला तर “आता बरे वाटते आहे” असा अर्थ काढू नये. ती सर्वांत धोक्याची घटका, आणि तिथून त्याला हलक्या हाताने, आडवा ठेवून, खाली डॉक्टरकडे पोचवावे लागते. बोटे पांढरी पडून बधिर झाली तर बर्फाने चोळायचे नाहीत, चुलीवर धरायचे नाहीत. काखेत धरून ऊब द्यावी. आणि रमचा औषध म्हणून जो लौकिक आहे तो खोटा आहे. रक्तवाहिन्या कातडीजवळ मोकळ्या होऊन गरम वाटते खरे, पण आतली ऊब बाहेर जाते. आपल्या मुलांना हे सांगण्याची गरज नसावी. काही वडिलांना असेल.

उंचीचा त्रास वेगळा. अडीच हजार मीटरच्या वर डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे ही लक्षणे दिसली तर त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. वाढली तर खाली उतरायचे, रात्र असली तरी.

शिखराच्या दिवशी अंधारात निघण्याची पद्धत आहे, ती फोटोंसाठी आहे असे मुलांना वाटते. सूर्योदयाला माथ्यावरून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग दिसतात हे खरे, आणि ते दृश्य मी विसरू शकत नाही. परंतु खरे कारण असे की पहाटे बर्फ घट्ट असते आणि दुपारी हवा बिघडते. म्हणून परतीची वेळ आदल्या रात्री ठरवून सर्वांनी मोठ्याने म्हणायची. ती झाली की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी वळायचे. मोठा हिमपात झाला असेल तर पुढचा एक-दोन दिवस उभे मोकळे उतार टाळायचे. अशा वेळी वाटाड्या जे सांगेल ते. तो सांकरीचाच असावा आणि त्याने “आज नको” म्हटल्यावर त्याला जादा पैशांचे आमिष दाखवू नये. हा सर्व प्रदेश गोविंद वन्यजीव विहारात येतो. वनखात्याची परवानगी घ्यावी, शुल्क भरावे, शेकोटीसाठी देवदाराची फांदी तोडू नये, आणि आपला कचरा आपल्या पाठीवर परत आणावा.

परवा आपल्या मंडळातील एका वहिनींनी मला थेट विचारले, “भाऊजी, बाकीचे राहू द्या. तुमचा मुलगा असता तर पाठवला असता का?” मी म्हटले, पाठवला असता, पण आज नव्हे. प्रथम त्याला पाठीवर दहा किलो देऊन राजपूरहून झडीपानीच्या जुन्या पायवाटेने मसुरीपर्यंत चालवला असता. मग एक रात्र गच्चीवर, त्याच मॅटवर, त्याच पिशवीत निजवला असता. काय कमी पडते ते घराच्या दाराशी कळलेले बरे. त्यानंतर पंतवाडीहून नागटिब्बा, तीन हजार मीटर, एकच मुक्काम. एवढे करून जो हसत परतला तो केदारकंठ्यास जावो. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये, आणि गेल्या आठवड्यात ज्याला ताप होता त्याने या वर्षी राहावे. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच आहे. त्या वहिनींचे समाधान झाले की नाही मला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, “गच्चीवरची रात्र मी बघीन.”

कार्यकारिणीने हा क्रम मान्य केला आहे. त्यामुळे नाताळची तारीख पुढे जाऊन आता सव्वीस जानेवारीच्या जोडसुटीत निघायचे ठरते आहे. तरुण मंडळी थोडी नाराज आहेत. नागटिब्ब्याहून आल्यावर त्यांच्याशी पुन्हा बोलेन. अकरापैकी एकालाही परत फिरावेसे वाटले तर तुकडीतून निदान दोघे त्याच्याबरोबर वाटाड्यासह परततील आणि घरी आल्यावर त्यावरून कुणी चेष्टा करणार नाही, असे वचन मी प्रत्येकाकडून घेतले आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता सर्वांनी आपले बूट, मोजे आणि निजण्याच्या पिशव्या घेऊन मंडळाच्या कार्यालयात यावे. ज्यांच्या घरी जुने लोकरी स्वेटर पडून आहेत त्यांनी ते आणून द्यावेत. चार मुलांना अजून हवे आहेत. प्रश्न असतील तर आता विचारावेत.